तातेरावांनी पाहिलेला गोल

राजानंदचं पत्र आलं त्याला बारा वर्षं झाली. निळं आंतरदेशीय पत्र, त्यावर आष्टीचा शिक्का. ते हरवलं असं मी स्वतःला सांगत आलो, पण ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. उत्तर मी कधीच दिलं नाही.

त्याने लिहिलं होतं : "सर, अंतिम सामन्यातला गोल मी केला. तुमच्या वहीत तो कल्याणच्या नावावर आहे, पेपरातही तसंच आलं. बक्षिसाचं जाऊ द्या. पण बाबा जन्मात एकदाच मैदानावर आले होते. पोरानं डोक्यानं गोल मारला, असं त्यांनी गावभर सांगितलं. आता लोक त्यांना म्हणतात, तातेराव, डोळे तपासून घ्या. तुम्ही दोनच ओळी लिहून द्या."

मी परतूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. अक्षर चांगलं म्हणून क्रीडाशिक्षक भुजंग सरांनी फुटबॉल संघाची वही माझ्याकडे सोपवली होती. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, हे मी लिहायचं, आणि मी लिहिलं की ते कायम. त्या अंतिम सामन्यात वहीच्या आत मी एक कादंबरी उघडून बसलो होतो. तिचं शेवटचं प्रकरण आणि सामन्याची शेवटची मिनिटं एकाच वेळी आली. आरोळी उठली तेव्हा मान वर केली, तर पोरांनी कल्याणला खांद्यावर घेतलेलं. गोल कुणाचा, हे विचारायची लाज वाटली. मी लिहिलं : कल्याण, ८८ वं मिनिट. तो कर्णधार होता म्हणून त्याला उचललं होतं, हे फार नंतर ध्यानात आलं.

दोन ओळी लिहायच्या तर हे सगळं लिहावं लागलं असतं. माझ्याच्यानं झालं नाही.

या जानेवारीत भुजंग सरांचा फोन आला. "सर, जुनी पोरं येऊन राह्यलीत. ह्या सालच्या टीमसंगं मॅच, मंग बक्षिसं. कॉलेजात आजवर सगळ्यात जास्त गोल कुणाचे, त्याचा कप ठेवलाय औंदा. तुमची वही आणा. वहीत असंल ते फायनल."

वही काढून बेरीज केली. कल्याण तेवीस, राजानंद बावीस. पुन्हा केली. तेच.

मैदानावर गेलो तो वही आणि खिशात ते पत्र घेऊन. पुस्तक मुद्दाम घरी ठेवलं. हात सारखा पिशवीत जायचा आणि रिकामा परत यायचा. कल्याण अंबडहून आला होता. बियाण्याचं दुकान आहे, पोट दुकानाला शोभेल असं. राजानंद आता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. "जयभीम, सर," म्हणाला आणि हसला. पत्राचं नावही काढलं नाही. त्यानं मला जास्तच घाम फुटला.

सामना सुरू झाला आणि मी घाम विसरलो. काय पळत होती ती तिशी ओलांडलेली पोरं! कॉलेजच्या गोलात तृप्ती नावाची मुलगी उभी होती. तिनं कल्याणचे दोन फटके असे अडवले की मी खुर्चीवरून उठलो तो पुन्हा बसलोच नाही.

"काका, दम खा जरा! पाणी आणू का?" ती ओरडली.

"पोरी, तुझ्या कॉलेजचे कप आमीच आणलेत!" कल्याण धापा टाकत म्हणाला.

"म्हणून तर म्हातारे झालात!"

शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी. जुन्या संघाला कॉर्नर मिळाला. कल्याणनं चेंडू कोपऱ्यात ठेवला, कंबर धरून श्वास घेतला आणि उंच मारला. गर्दीतून राजानंद वर आला. कपाळ, चेंडू, तृप्तीची बोटं, जाळी. चेंडू बोटांना चाटून गेला तेसुद्धा मी पाहिलं! मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो; शेजारचे प्राचार्य दचकले.

आणि तेव्हाच मला कळलं की बारा वर्षांपूर्वीचा गोलही मी आत्ताच पाहिला.

बक्षिसं सुरू झाली. उत्कृष्ट गोलरक्षक तृप्ती, टाळ्या थांबेनात. मग भुजंग सरांनी माइक माझ्यापुढे धरला. "सर, आकडे वाचा."

"कल्याण, बावीस. राजानंद, तेवीस."

भुजंग सर वहीत डोकावले. "सर, चष्मा बदला. उलटं वाचून राह्यले."

"चष्मा बराबर आहे," मी म्हणालो. "तेव्हा मी मैदानाकडे पाहत नव्हतो. वहीत पुस्तक ठेवून वाचत होतो. अंतिम सामन्यातला गोल राजानंदचा. चूक माझी." आणि सगळ्यांसमोर वहीतलं नाव खोडून दुसरं लिहिलं.

मग कल्याण मोठ्यानं हसला. "सर, त्या दिवशी बी कॉर्नर मीच मारला होता! कॉर्नर मारणारा पळत जाऊन डोकं कवा लावील?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचं अक्षर होतं ना वहीत. आन् बक्षीस घरी गेल्तं, आईनं त्याला हळदीकुंकू लावलं. मंग कसं बोलू?" त्यानं कप उचलून राजानंदच्या छातीशी दाबला. "धर बाबा. बारा साल टोचून राह्यलं."

गर्दी पांगल्यावर राजानंद जवळ आला. मी खिशातलं पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"जपून ठेवलं सर तुमी!"

"उत्तर तेवढं राहिलं. आत्ता सांगतो..."

"मला नका सांगू. मला ठाऊकच आहे की," तो म्हणाला. "बाबाला लिहा. आन् पाकीट नका टाकू, साधं कार्ड टाका. आमच्याकडं कार्ड आलं की पोस्टमन आधी पारावर वाचतो, मंग घरी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात गेलो. चार कार्डं घेतली, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. तीन बिघडवली. एकात फार माफी झाली, दुसऱ्यात फार अलंकार, तिसऱ्यात मी तो सामनाच वर्णन करत सुटलो. चौथ्यावर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. पारावर मागे उभ्या असलेल्यालाही दिसावं इतक्या मोठ्या :

"तातेरावजी, तुमचे डोळे बरोबर होते. गोल राजानंदनेच केला, डोक्यानं. वही लिहिणारा मी, पण पाहिलंत तुम्ही."

खाली पूर्ण नाव लिहिलं, 'निवृत्त ग्रंथपाल' हेही. एकदा वाचलं. पुन्हा वाचण्याआधी कार्ड पेटीत टाकलं.