माझं तीनशे ग्रॅमचं खोटं

या हॉलमध्ये वाळूच्या सहा पिशव्या टांगलेल्या आहेत. त्यांतल्या दोन उसवल्यावर पुन्हा शिवलेल्या. उड्या मारायच्या अकरा दोऱ्या आहेत. एक रिंग आहे, तिच्या चार कोपऱ्यांपैकी तीन कोपऱ्यांवर गादी शिल्लक आहे. खिडक्या पाच, त्यांतल्या उघडणाऱ्या तीन. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असतं. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, तो मी.

मी बिडाचा आहे. माझ्या आडव्या दांडीवर दोन वजनं सरकतात, मोठं किलोंसाठी आणि लहान ग्रॅमसाठी. माणूस माझ्या पाटावर उभा राहिला की ही वजनं सरकवायची, आणि दांडी मधोमध तरंगली की तिथला आकडा वाचायचा. दांडीवरच्या खुणा एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून कोरल्या, दर पन्नास ग्रॅमला एक. प्रत्येक खूण होईपर्यंत तो श्वास रोखून धरायचा.

सुरुवातीची बारा वर्षं मी एका पार्सल कचेरीत काढली. तिथे सुख होतं. खोक्यांना आपलं वजन किती भरलं याचं काही वाटत नाही. मग मला या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये आणलं. टेम्पोतून उतरवताना माझा एक पाय पायरीवर आपटला आणि त्याचा टवका उडाला. तेव्हापासून मी त्या अंगाला कलतो.

त्या वेळी इथे एकोणीस वर्षांची एक मुलगी सरावाला येत असे. तिने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याची चौपदरी घडी केली आणि माझ्या त्या पायाखाली सारली. दोन्ही वजनं शून्यावर नेली. रिकामी दांडी मधोमध थांबली.

"आता बोल खरं," ती मला म्हणाली.

पंधरा वर्षं मी खरं बोललो. ती मुलगी चॅम्पियन झाली, सगळ्यांची ताई झाली. इथले सर नव्या मुलींना माझ्यासमोर उभं करून सांगायचे, "या हॉलमध्ये खोटं न बोलणारा हा एकटाच." पण कौतुकाने गंज थांबत नाही. माझ्या दांडीवर ओले टॉवेल वाळत घातले जात. आधी मला रिकामं पाहायचं, मग वर चढायचं, ही पद्धत हळूहळू फक्त ताईपुरती उरली. बाकीच्या धावत यायच्या, चढायच्या, आकडा वाचायच्या आणि निघून जायच्या.

मग ताईला मुलगी झाली, पाठोपाठ तिचं मनगट मोडलं. त्या पंधरांपैकी शेवटची तीन वर्षं ती आली नाही. तेवढ्यात तिच्याच हाताखाली शिकलेली, जिला सगळे छोटी म्हणतात, ती चॅम्पियन झाली. आणि या वर्षी ताई परत आली, छोटीकडचा विजेतेपदाचा पट्टा मागायला.

"एका वेळी दोन कोपऱ्यांत मी उभा राहू शकत नाही गं," सर तिला म्हणाले. म्हणून सकाळी छोटी सरांबरोबर सराव करायची आणि दुपारी ताई एकटी. ताई चौतीस वर्षांची होती. पस्तिशीनंतर लढायची परवानगी मिळत नाही. ही तिची शेवटची लढत होती.

लढत शनिवारी दुपारी. सकाळी इथेच, माझ्यावर, दोघींचं वजन व्हायचं होतं. त्याआधी तपासनीस प्रमाणित वजनं ठेवून माझा खरेपणा पाहणार होते. मर्यादा चोपन्न किलो. चॅम्पियन जास्त भरली तर लढतच नाही, पट्टा समोरचीकडे.

बाहेरचे पंच येणार म्हणून सोमवारी सगळ्यांनी मिळून हॉल घासूनपुसून काढला. दोऱ्या खुंट्यांवर गेल्या, काचा धुतल्या, आणि माझ्या पायाखालची मळकी पुठ्ठ्याची घडी केरात गेली. सरांनी स्वतः ती टाकली. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो. आणि इतका खोटाही. मी प्रत्येकाला तीनशे ग्रॅम कमी सांगू लागलो.

छोटी थकली होती. तिचं मीठ बंद होतं, पाणी घोटाघोटाने. जिथे जाईल तिथे माणसं तिला विचारत, "ताईला मारवेल का तुला?" ती हसायची, आणि माझ्यावर चढली की मात्र दोन्ही डोळे मिटून घ्यायची.

ताई त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे आली ती गुरुवारी. सवयीने तिने वजनं शून्यावर नेली. दांडीचं टोक खाली टेकलं. तिने वाकून माझ्या पायाखाली पाहिलं. मग ती समोरच्या बाकावर बसली आणि हातावरच्या पट्ट्या सोडू लागली. डावं मनगट तिने बराच वेळ चोळलं. पुठ्ठा कुठेही मिळाला असता. बाकाखालीच खोकं पडलं होतं. ती उठली, पिशवी घेतली आणि निघून गेली.

मित्रांनो, मला हात असते तर मीच ती घडी केली असती.

शुक्रवारी सकाळी छोटी चढली. सरांनी वाचलं, "त्रेपन्न नऊशे. बसलं. आज पोटभर पाणी पी, संध्याकाळी थोडं जेव." छोटीने बाटली तोंडाला लावली तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला.

"थांब. पिऊ नकोस."

ताई आत आली. तिच्या हातात घडी घातलेला पुठ्ठा होता. तिने तो माझ्या पायाखाली सारला. "आता चढ."

चोपन्न किलो, दोनशे ग्रॅम.

छोटी खाली उतरली. "ताई, उद्या लढत आहे म्हणून माझं डोकं फिरवायला आलीस का?"

"मला नको विचारूस. रिकामा काटा बघ."

सरांनी वजनं शून्यावर नेली. दांडी मधोमध. त्यांनी पुठ्ठा काढला. टोक खाली. पुन्हा घातला. मधोमध. उकिडव्या बसलेल्या सरांनी मान वर करून ताईकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल बोलायचं नव्हतं मला," ताई म्हणाली. "रात्रभर पोरीच्या शेजारी जागी होते, सर. पट्टा घरी आणला असता आणि तिने विचारलं असतं, आई, कशी जिंकलीस, तर काय सांगणार होते? पुठ्ठा केरात गेला म्हणून?"

छोटीने बाटलीला झाकण लावलं. "माझा एक दिवस खाल्लास तू."

"हो, खाल्ला," ताई म्हणाली.

छोटीने घाम गाळायला जाड कोट चढवला आणि दोरी उचलली.

शनिवारी सकाळी तपासनीस लाकडी पेटीतून प्रमाणित वजनं घेऊन आले. पुठ्ठ्याकडे पाहून त्यांनी भुवई उचलली, पण मी बरोबर भरलो. ताई आधी चढली, त्रेपन्न किलो आठशे. मग छोटी.

"पन्नास ग्रॅम जास्त," तपासनीस म्हणाले. "एक तास आहे."

ताईला आता खायची मोकळीक होती. तिने डब्याचं झाकण उघडलं, छोटीकडे पाहिलं, झाकण परत लावलं आणि डबा घेऊन बाहेर निघाली. दारात ती थांबली.

"भिंतीवरच्या घड्याळावर जाऊ नकोस. चार मिनिटं मागे आहे ते."

"माहीत आहे, ताई," छोटी दोरीवरून उड्या मारता मारता म्हणाली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यावर रंग चढवू नका, हार घालू नका. एवढंच करा. आमच्यासारख्यांच्या सांगण्यावर तुम्ही स्वतःला उपाशी ठेवता, एकमेकांवर संशय घेता. म्हणून वर चढण्याआधी आम्हाला एकदा रिकामं पाहत जा. आणि केर काढताना, कुणाच्या पायाखाली काय आहे आणि ते का आहे, हे विचारून मगच टाका.

छप्पन्नाव्या मिनिटाला छोटीने कोट काढला, केसांतली पिन काढून सरांच्या हातात दिली. तपासनिसांनी रिकामी दांडी पाहिली. छोटी पाटावर चढली. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले होते.

चोपन्न किलो, शून्य ग्रॅम.