केबल काढल्यावरचा होकार

जिन्यात चपलांचा एवढा खच पडला होता की मला माझ्याच घरी जायला वाट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारात माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना ताणून आत बघत होती. आत काकूंचा मेलेला मुलगा बोलत होता म्हणे.

"बोलत नाही हो, नुसतं हो-नाही सांगतो," खालच्या शिंप्यानं मला दुरुस्त केलं. चमत्काराच्या बाबतीत हा माणूस भलताच काटेकोर. माझ्या कपड्यांच्या मापाबाबत इतका असता तर किती बरं झालं असतं.

"कशातून सांगतो?"

"त्याच्या कॉम्प्युटरमधून. आणि केबल काढून, बरं का! तुम्ही तर कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवता, मास्तरीणबाई. सांगा बघू, विजेशिवाय दिवा लागतो?"

मी कोपरं मारत आत घुसले.

काकूंचा मुलगा घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला ओटा, त्याला लागूनच याचं टेबल, आणि दोन्हींच्या मधोमध भिंतीवर एकच बोर्ड, त्यावर ओळीनं सारखी दिसणारी बटणं. महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाचं मशीन उघडून बसला होता. भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, पण केबल सॉकेटमध्येच ठेवली होती. घाईतली माणसं ठेवतात. त्यानं आतला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज थेट जिथे येते तो पत्र्याचा डबा, उघडून त्यात हात घातला आणि तेवढ्यात कुणीतरी ते बटण लावलं. पुढचं सांगायला नको.

किंकाळी ऐकून शेजारी धावले तेव्हा त्यांना दिसला तो सुनेचा हात, बोर्डावर. ती सांगत होती, "बटण चालू होतं, मी बंद केलं." काकू म्हणत होत्या, "हिनंच लावलं." लोकांनी दोन्ही ऐकलं आणि त्यातलं जास्त चविष्ट होतं ते उचललं. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं होतं, पण जिन्याला पोलिसांचं म्हणणं पटतं थोडंच.

आता त्याच टेबलावर मुलाचा स्वतःचा कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्याच्यामागे आत्म्यांशी बोलतो म्हणवणारा बिनतारी बाबा उभा होता. पांढरा लांब कोट, गुळगुळीत दाढी, आणि कानात निळा दिवा लुकलुकणारं यंत्र. पूर्वीचे भोंदू निदान राख तरी फासायचे.

"माई," तो काकूंना सांगत होता, "शरीर म्हणजे काय? कॅबिनेट. आत्मा म्हणजे डेटा. कॅबिनेट जळालं म्हणून डेटा जातो का? तो वर सेव्ह असतो. माझ्याकडे फक्त पासवर्ड आहे."

"खरंय, खरंय," मागून दोन-चार माना डोलल्या. डोलणाऱ्यांमध्ये एक बँकेतला साहेब होता. पदवीनं मान ताठ राहते असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याची मान बघायला हवी होती.

बाबानं केबल सॉकेटमधून उपटली आणि प्लग सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा. वीज नाही. बाळा, तू इथे आहेस का?" त्यानं कॅबिनेटवरचं बटण दाबलं. क्षणभर बटणाशेजारचा निळा दिवा लागला, आतला पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. घरभर सुस्कारा पसरला. काकूंनी पदर तोंडात कोंबला.

"आता त्याला विश्रांती," म्हणत बाबानं केबल पुन्हा भिंतीत लावली. "एका प्रश्नानं आत्मा दमतो."

दमलेल्या आत्म्याला विश्रांतीसाठी सॉकेटला का जोडावं लागतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढच्या खेपेला त्यानं केबल काढली, कॅबिनेटवर काळं कापड टाकलं, कापडाखाली दोन्ही हात घालून मोठमोठ्यानं काहीतरी मंत्र म्हटले, आणि कापड ओढून विचारलं, "तुझा मृत्यू अपघात होता का?" बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"नाही म्हणतोय!" शिंपी ओरडला.

तिसऱ्या खेपेला कापड नव्हतं. केबल लावली, काढली, आणि बाबानं आवाज खाली आणला. "तुझ्या बायकोनं बटण लावलं का?"

दिवा लागला.

सून मोरीच्या दाराशी उभी होती, कडेवर मुलगी. काकू उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता तरी कबूल कर. पोरीला खाली ठेव आणि चालती हो. नात माझी आहे, ती इथेच राहील."

"आई, मी आत हिला आंघोळ घालत होते. ओल्या हातांनी धावत आले हो."

"माझा मुलगा खोटं बोलतोय का?"

शिंप्याच्या बायकोनं मुलीला घ्यायला हात पुढे केले सुद्धा. मुलगी आईच्या मानेला घट्ट बिलगली. त्या बाईला मी खूप वर्षं ओळखते, मुंगीही मारायची नाही. पण त्या दिवशी ती एका आईच्या कडेवरून लेकरू ओढायला निघाली होती, कारण एका डब्यातला दिवा लागला होता. माझं डोकं फिरलं.

"थांबा," मी म्हटलं. "मलाही एक प्रश्न विचारायचाय."

"अविश्वासी माणसाला आत्मा उत्तर देत नाही, भगिनी."

"देईल. न देऊन सांगतो कुणाला." मी केबल लावली, थोडं थांबले, काढली. "बाळा, तुला मी मारलं का? वरच्या मजल्यावर वर्गात शिकवत असताना?" बटण दाबलं. दिवा लागला.

कुजबुज झाली. मी पुन्हा केबल लावली, काढली. "तुला या शिंप्यानं मारलं का?"

दिवा लागला. शिंपी दोन पावलं मागे सरकला. "अहो, मी तर दुकानात होतो!"

"मेलेला माणूस खोटं बोलतो का? आत्ताच तुम्हीच पुढे होऊन ओरडत होतात." पुन्हा केबल. "बाळा, हा बाबा लुच्चा आहे का?"

या वेळी दिवा जरा जास्तच ठसठशीत लागला असं मला वाटलं, पण तो माझा आनंद असेल. कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांची मान डोलायची थांबली.

"ऐका," मी म्हटलं. "नळ बंद केला तरी पिंपात पाणी उरतं ना? तशी केबल काढली तरी पॉवर सप्लायमध्ये थोडी वीज उरते. कपॅसिटर नावाच्या छोट्या डब्यांत साठलेली असते. बटण दाबलं की ती निघून जाते. जाता जाता दिवा लावते, पंखा हलवते. दुसऱ्यांदा दाबलं की काही होत नाही, कारण पिंप रिकामं. म्हणून याचा आत्मा एका प्रश्नात दमतो. मशीनला हात लावायच्या आधी आम्ही मुद्दाम हेच करतो. आधी केबल भिंतीतून काढायची, मग बटण दाबायचं, म्हणजे उरलेली वीज जाते. माझ्या वर्गातली पोरं हा चमत्कार रोज सकाळी जांभया देत करतात."

"मग तो नाही कसा म्हणाला?" शिंप्यानं विचारलं. जीव अजून बाबातच अडकला होता.

मी ते काळं कापड उचललं, केबल लावून काढली, कापड कॅबिनेटवर टाकलं आणि सगळ्यांसमोर कापडाखाली बटण दाबलं. कापडातून निळा उजेड झिरपला. "त्यानंही असंच आधीच दाबून घेतलं, फक्त हाताच्या तळव्यानं दिवा झाकला होता आणि पंख्याचा आवाज बुडावा म्हणून ओरडत होता. आता दाबा तुम्ही." शिंप्यानं दाबलं. काही नाही. त्यानं पुन्हा दाबलं, मग बोट पँटला पुसलं.

बाबाकडे वळून बघितलं तर बाबा टेबलामागे नव्हता, जिन्यातही नव्हता. पळताना कुणाच्या तरी चांगल्या चपला घालून गेला होता.

गोष्ट तिथेच थांबायला हवी होती. लोक हसत होते, सुनेच्या कडेवरची मुलगी खाली उतरली होती, सगळं कसं माझ्या मनासारखं झालं होतं. तेवढ्यात काकू टेबलापाशी आल्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी केबल हातात घेतली, सॉकेटमध्ये लावली, काढली. माझं बघून बघून शिकल्या होत्या.

"बाळा," त्या कॅबिनेटवर वाकून म्हणाल्या, "मिक्सरचं समजून ते बटण मी लावलं. मीच ना रे?"

आणि बटण दाबलं. दिवा लागला, पंखा अर्धा वळसा फिरला.

काकूंनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा. "आता नाही म्हणतोय," त्या आमच्याकडे बघत म्हणाल्या. "बघा ना. नाही म्हणतोय तो."

"काकू," मी म्हटलं, "वीज संपली. त्याचा होही खरा नाही आणि नाहीही खरा नाही. तुमचं तुम्हीच सांगा."

त्या टेबलाची कड धरून खाली बसल्या. "मिक्सर लागेना. म्हणून शेजारचं दाबलं. तो ओरडला. मला हातच उचलता येईना. ही आतून धावत आली आणि हिनं बंद केलं."

"तुम्ही बघत होतात?" सुनेनं विचारलं.

"हो."

"मी बंद करताना बघत होतात. आणि महिनाभर जिन्यात, रस्त्यात, नातेवाइकांसमोर मला खुनी म्हणत राहिलात?"

"तुझा नवरा गेला गं," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा माझ्या हातानं गेला. मला कुणाचं तरी नाव हवं होतं."

माझ्या मनात आलं, सून आता रडेल, मग दोघी रडतील आणि आम्ही सगळे डोळे पुसत घरी जाऊ. तसं काही झालं नाही. तिनं मुलीचे दोन फ्रॉक पिशवीत घातले, मुलीला उचललं आणि दारात थांबली.

"नात कुणाची ते आता डब्याला विचारा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. वाटेत उभी असलेली माणसं भिंतीला चिकटून तिला वाट देत होती. महिनाभर तिला धक्के मारणारीच ती माणसं.

काकूंकडे मग कुणी फारसं गेलं नाही. जे बाबापुढे हात जोडून बसले होते तेच दुसऱ्या दिवसापासून काकूंना खुनी म्हणू लागले. खुनी त्याही नव्हत्या. एका घाईत असलेल्या बाईनं चुकीचं बटण दाबलं होतं, आणि एका घाईत असलेल्या पोरानं केबल काढली नव्हती. हे एवढंच खरं होतं, आणि ते ऐकायला मात्र जिन्यात कधीच गर्दी झाली नाही.

म्हणून सांगते, नीट ऐका. मशीन उघडायचं तर भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. बटण कुणीही लावतं, आईसुद्धा. केबल उपटा आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवा. मग कॅबिनेटचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि त्यानंतरच हात घाला. पॉवर सप्लायचा डबा तर एवढं करूनही उघडू नका, त्यात वीज दडून बसते. दिवा लागला तर घाबरू नका आणि हातही जोडू नका. त्याला काही माहीत नसतं. काय झालं ते ज्या बाईला माहीत होतं ती त्या घरात जिवंत होती, आमच्या पुढ्यात बसली होती, आणि तिला एकदाही न विचारता आम्ही सगळे, मीसुद्धा, एका पत्र्याच्या डब्याशी बोलत होतो.