मला फुटलेला पाझर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढा, जाडीला अंगठ्याहून जरा जास्त. तुम्ही चिडून कुणाला 'दगड' म्हणता ना, तेव्हा मला मान खाली घालावीशी वाटते. पण दगडाला मान कुठली? म्हणून मी नुसताच पडून राहतो.

माझा जन्म जमिनीच्या पोटात खोल झाला. वाळूच्या कणावर वाळूचा कण बसला, वरचं ओझं वाढत गेलं आणि आम्ही सगळे मिळून दगड झालो. पुढे तेलाची विहीर खणताना पोलादी यंत्राने आम्हाला गोल कापून वर आणलं. एका कारागिराने माझी टोकं घासून सपाट केली आणि मी एका प्रयोगशाळेत दाखल झालो. दिसायला मी घट्ट आहे, पण माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं आहेत. त्यांत तेल शिरलं की चिकटून बसतं. पाणी दाबून सोडलं तर थोडं निघतं, उरलेलं काही केल्या हलत नाही. जमिनीखाली माझे भाऊबंद असंच पुष्कळ तेल पोटाशी धरून बसले आहेत. चिकटपणा आमच्या घराण्यातच आहे म्हणा ना!

ते तेल सोडवायचं काम ताईंकडे होतं. ताई म्हणजे रसायनशास्त्रातल्या मोठ्या शिकलेल्या बाई. ओशट ताट नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ताई तसेच, पण फार निराळ्या ताकदीचे साबण बनवत. त्या साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. माणसाने दोन्ही डगरींवर पाय ठेवला की तो पडतो; या रेणूचं मात्र त्यावरच पोट चालतं. ताईंच्या आई फोनवर विचारायच्या, "एवढं शिकलीस, आणि शेवटी साबणच करतेस होय गं?" ताई खळखळून हसायच्या.

ताईंच्या हाताखाली वहिनी होत्या. त्यांचे यजमान पूर्वी याच इमारतीत कामाला होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्याही रसायनशास्त्र शिकलेल्या. मुलं मोठी होईपर्यंत घरी राहिल्या आणि मग भीत भीत पुन्हा कामाला लागल्या. नोकरी तात्पुरती होती. काम पसंत पडलं तरच पुढे ठेवणार, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

प्रत्येक प्रयोगाआधी मला आंघोळ असे. खाली भांड्यात तेल विरघळवणारं द्रावण उकळायचं, त्याची वाफ वर जाऊन गार व्हायची आणि थेंब थेंब माझ्यावर पडायची. माझ्या पोटातलं जुनं तेल त्यात उतरलं की द्रावण पिवळं पडे. मग ते बदलायचं आणि पुन्हा धुवायचं. द्रावण पाण्यासारखं नितळ राहिलं की दगड स्वच्छ झाला म्हणायचं. या कामाला दिवसच्या दिवस लागतात आणि तिथे घाई चालत नाही. मग माझ्यात मोजून तेल भरायचं, मला पोलादी नळीत कोंडायचं, एका बाजूने ताईंचं साबणाचं पाणी दाबायचं आणि दुसऱ्या बाजूने किती तेल निघालं ते काचेच्या मोजनळीत पाहायचं.

एकदा ताईंचा नवा साबण तयार झाला आणि नेमके त्याच आठवड्यात तेल कंपनीचे पाहुणे येणार असं ठरलं. मोठे सर दारातूनच म्हणाले, "ताई, आटपा लवकर. मला त्यांना काहीतरी दाखवायचंय." वहिनींच्या धाकट्याला ताप होता, त्या रजेवर होत्या. ताई माझ्यापाशी आल्या. भांड्यातलं द्रावण पिवळं होतं. फार नाही, पण होतं. ताईंनी ते उजेडात धरून पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि "चालतंय" असं पुटपुटत मला बाहेर काढलं.

त्या प्रयोगात माझ्यातून भरपूर तेल निघालं. सगळी मंडळी मोजनळीभोवती गोळा झाली. पाहुण्यांसमोर मोठे सर म्हणाले, "आमच्या ताईंनी दगडाला पाझर फोडला!" टाळ्या पडल्या. मला काचेच्या कपाटात, चांगल्या उजेडात ठेवलं गेलं. मित्रांनो, मी तेव्हा फुशारलो होतो, हे सांगताना आजही लाज वाटते. कारण बाहेर आलेल्या तेलात कितीतरी तेल मागच्या प्रयोगाचं होतं. शिळ्या तेलावर मी दानशूर झालो होतो.

पाहुण्यांना हाच प्रयोग पुन्हा करून हवा होता. या वेळी मला वहिनींनी धुतलं. मन लावून, न कंटाळता. नितळ होऊन मी नळीत गेलो आणि तेल निघालं अगदी जेमतेम. मोठ्या सरांचा चेहरा उतरला. ताईंचा पारा चढला.

"अहो वहिनी, दगड आहात का तुम्ही? साधा प्रयोग पुन्हा करता येत नाही?"

वहिनी म्हणाल्या, "ताई, द्रावण अगदी नितळ होईपर्यंत धुतला हो मी. शेवटी शेवटी तर काचेत काही आहे की नाही तेच कळत नव्हतं."

ताईंनी पुढे काही बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांना ते पिवळं द्रावण आठवलं, हे मला समजलं. त्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मोठे सर म्हणाले, "वहिनींना खाली सामानाच्या खोलीत बसवा. वर्ष संपलं की बघू," आणि ताई गप्प राहिल्या. ज्या बाईने काम नीट केलं तिनेच बोलणी खाल्ली. माझं नाव शिवीसारखं वापरलं गेलं त्याचं मला काही नाही, पण माझ्या नितळपणाची शिक्षा वहिनींना झाली. त्या दिवसापासून ताई माझ्याकडे बघेनात. मी टेबलावर समोरच असायचो, तरी त्या माझ्यावर कागद टाकून ठेवायच्या.

एका दुपारी वहिनी वर आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"ताई, रागावू नका. माझं नेमकं कुठे चुकलं तेवढं सांगाल? इथे ठेवलं नाही तर नाही, पण दुसरीकडे गेले तर तिथे तरी तीच चूक नको व्हायला."

ताईंनी माझ्यावरचे कागद बाजूला केले. मला मुठीत घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या वहिनींसमोर अक्षरशः हुंदके देऊन रडल्या.

"तुमचं काही चुकलं नाही हो. तो पहिला प्रयोग खोटा होता. द्रावण पिवळं असताना मी याला बाहेर काढला. मला माहीत होतं, आणि तरी मी तुम्हाला बोलले. दगड तुम्ही नाही वहिनी, दगड मी."

ताई तशाच उठून मोठ्या सरांकडे गेल्या आणि सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आटपा म्हणून मागे लागलो होतो मीच." पाहुण्यांना खरं कळवलं गेलं. ताईंचं कौतुक मागे घेतलं गेलं, काचेच्या कपाटातली माझी जागा गेली आणि वहिनींना वर बोलावलं.

वर आल्यावर वहिनींनी ताईंना "असू दे" म्हटलं नाही. त्यांनी मला उचललं, ताज्या द्रावणावर ठेवलं, आच लावली आणि ताईंसाठी शेजारी एक स्टूल ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "या वेळी दोघींनी मिळून बघू. तुम्ही नितळ म्हणाल आणि मीही म्हणेन, तेव्हाच काढायचा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दगड असो, भांडं असो की मन, धुवायला घ्याल तेव्हा पुरता वेळ द्या; आणि थोडं पिवळं दिसलं तर खिडकीबाहेर बघू नका. दोघींनी मिळून धुतल्यानंतरच्या प्रयोगात माझ्यातून तेल थोडंच निघालं. ताईंनी ते मोजनळीत पुन्हा पुन्हा पाहिलं आणि वहिनींना म्हणाल्या, "थोडं आहे, पण आजचं आहे."