मदर आली की माणूस पडतो

इट्टूपने उभा जन्म केरळातल्या पंपा नदीवर होडी हाकली. भर पुरात होडीच्या शेपटावर उभा राहून तो एका हाताने विडी पेटवायचा आणि दुसऱ्याने मिशी पिळायचा. मग वल्हं कोण धरायचं, असं विचारणाऱ्याला तो पुन्हा होडीत घेत नसे. असा माणूस नन्सच्या वृद्धाश्रमातल्या कोरड्या ठणठणीत व्हरांड्यात दोनदा आपटला. तिसऱ्यांदा पडला, तर त्याची रवानगी कठड्याच्या पलंगांच्या खोलीत होणार होती. तिथून नदीवरचा घाट दिसत नाही, नुसतं छत दिसतं.

म्हणजे कुणीतरी पाडतंय. आणि ते कुणीतरी म्हणजे शेजारच्या खाटेवरचा पोथन. इट्टूपच्या खिडकीवर त्याचा कधीपासून डोळा होता, आणि डोक्याला तो इतकं खोबरेल थापायचा की माशी बसली तर घसरून थेट कानात जायची.

"पोथन्या, व्हरांड्यात तेल सांडतोस काय रे?"

"सांडायला मी काय बिशप आहे? डोक्याला पुरत नाही मला."

उत्तर फारच चटकन आलं. इट्टूपचा संशय बळावला. सकाळपासून तो व्हरांड्यात खुर्ची टाकून मांजरासारखा दबा धरून बसला.

आधी पलीकडच्या खाटेवरचा कुंजप्पन पडला. इट्टूपने खाली वाकून फरशीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. फिनेलचा वास, तेलाचा मागमूस नाही. पोथन तर आत घोरत होता. ते घोरणं खोटं असेल म्हणून इट्टूप त्याला चिमटाही काढून आला. चिमट्याने जागा झालेला पोथन शिव्या देत बाहेर आला, चार पावलं चालला आणि स्वतःच कोसळला.

आता संशय धरायचा कुणावर? दोन्ही वेळा व्हरांड्याच्या कोपऱ्यावर एक पांढरा झगा उगवला होता. मदर क्लेमेंशिया. बिचारीने म्हातारे पडू नयेत म्हणून रबरी पायपुसणी आणली, भिंतींना दांडे लावले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून स्वतः फेऱ्या मारू लागली. पण ती तर लांब होती. लांबून माणूस पाडायची विद्या नन्सना येते की काय, असंही इट्टूपच्या मनात येऊन गेलं.

मग त्याने लोकांच्या पायांवरची नजर उचलून हातांवर ठेवली. प्रत्येकाच्या कमरेचा मुंडू लुंगीसारखा दुमडून गुडघ्यावर खोचलेला. मदर दिसली की हात आपोआप कमरेशी, दुमड सुटते, कापड घोट्यापर्यंत खाली. मोठं माणूस समोर आल्यावर गुडघे उघडे ठेवायचे नाहीत. हे हातालाच ठाऊक, डोक्याला कुणी विचारत नाही. पुढचं पाऊल पडतं ते सुटलेल्या काठावर.

दुपारी इट्टूप वॉकर घेऊन निघाला आणि मदर समोर आली. उजवा हात सुटू पाहत होता. त्याने दोन्ही मुठी वॉकरवर आवळल्या. मुंडू वरच. सगळा व्हरांडा श्वास रोखून त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"इट्टूप चेट्टा, माझ्यावर राग आहे का?" मदरने विचारलं.

"राग नाही, मदर. हा मुंडू सोडला की मीही खाली येणार. आमच्यातला प्रत्येक जण तुमच्या मानापायी पडतोय."

"खोलीत जायला लागू नये म्हणून नवीन थाप?"

"मग कोपऱ्यामागे जाऊन परत या. आमची तोंडं बघू नका, हात बघा."

ती गेली, परत आली. बाकावरचे तिघे लगबगीने उठले, तीन हात कमरेशी गेले. पोथन कलंडला, तो दोघांनी बखोटीला धरून वरच्या वर झेलला.

"उद्यापासून कुणी मुंडू सोडायचा नाही," मदर म्हणाली.

"तुमच्यासमोर? त्यापेक्षा पडलेलं बरं," पोथन दम खात म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून मदर क्लेमेंशिया व्हरांड्यातून भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारखी आडवी चालते. कुणी पडत नाही. इट्टूपची खिडकी इट्टूपकडेच राहिली. तो घाट बघत बसतो, आणि मदर येता-जाता डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच बघते की काय, यावर बारीक नजर ठेवून असतो.