भारा उचलताना मी तिथे नसते

मित्रांनो, मी एक जुने ईसीजी यंत्र आहे. चामोर्शीच्या एका दवाखान्यात, हिरव्या पडद्यामागच्या टेबलावर माझी जागा आहे. छातीवर रबरी फुगे आणि हातापायांना चिमटे लावले, की हृदयातली वीज मी कागदावर रेघांनी उमटवते. ठोके चुकत असतील किंवा झटका आलेला असेल, तर बहुतेक वेळा मला कळते. त्याबद्दल माझे कौतुकही झाले. मात्र माणूस स्वस्थ पडलेला असतो, तेवढ्याच क्षणांचे मी लिहिते.

गेल्या वर्षी राजदीप नावाच्या शेतकऱ्याच्या रेघांची कागदी पट्टी चांगली निघाली. त्याने तिला प्लास्टिक चढवून घेतले. पानठेल्यावर कोणी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून टोकले, की तो ती खिशातून काढी. "पाय भाऊ, मशीननं पास केलं मले. खर्रा घोट अजून एक!"

यंदा धानकापणीत त्याची बायको धुरपता त्याला ओढतच घेऊन आली. मी पुन्हा रेघा काढल्या. पुन्हा दोष नाही.

"पाय! गॅस होय म्हनलं होतं ना?" राजदीप चपला शोधू लागला.

"मंग भारा उचलला का छाती काऊन दाबते? बसलं का थांबते! गॅसले धानाचा भारा दिसते का?"

डॉक्टर मदीहा यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि त्याचे वडील कसे गेले ते विचारले.

"धानाच्या बांधीतच पडले जी. पन्नाशी नाई पायली," धुरपता म्हणाली.

रक्तदाब वाढलेला निघाला, साखरही. खर्रा खिशातच होता.

"ही पट्टी पडून राहिलेल्या माणसाची आहे. तुमचं दुखणं कामात येतं. चंद्रपूरला जाऊन हृदयाच्या नसा तपासून घ्या. आजच."

"म्हंजे मशीन लबाड हाये?"

"नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगते."

"धान कापून जातो ना, मॅडम."

"धान मी कापतो," धुरपता म्हणाली. "तुमी पयले बसमंदी बसा."

चंद्रपुरात एक मोठी नस जवळजवळ बंद सापडली. डॉक्टरांनी ती वेळेत उघडली.

थंडी सरताना राजदीप तपासणीला आला. खर्रा सुटला होता, गोळ्या सुरू होत्या. मी तिसरी पट्टी काढली. मित्रांनो, ती आधीच्या दोन पट्ट्यांसारखीच होती. मधल्या काळात त्याच्यावर काय ओढवले होते, ते माझ्या कागदावर कुठेच नव्हते.

मला पुसून ठेवा, माझ्या वायरी जपा. मी अजून उपयोगी आहे. पण घरातले कोणी चालताना, ओझे उचलताना छातीवर हात ठेवून थांबले, तर माझी जुनी पट्टी पुढे करू नका. त्यांना लगेच दवाखान्यात न्या आणि ते काय करताना थांबले, ते सांगा. त्या वेळी मी तिथे नसते. तुम्ही असता.