हौसेनं आणलेलं तेल

मी इंजिनातली तेलाची पट्टी बोलतेय. वरती कडी, खाली दोन खुणा, अशी लांबट पोलादी पट्टी. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं की सगळं ठीक. खालच्या खुणेखाली गेलं की मी तसं तोंडावर सांगते. कुणाचं मन राखायला खोटं बोलणं मला जमतच नाही.

माझी गाडी एका नर्सबाईंनी नवीकोरी घेतली. त्या निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. अडलेल्या बाळंतिणींसाठी त्यांनी ही गाडी तीस वर्षं दामटली. दर रविवारी सकाळी इंजिन गार असताना त्या मला बाहेर काढायच्या, पुसायच्या, पुन्हा बुडवायच्या आणि रुग्णाचा ताप बघावा तशा निरखून वाचायच्या. "शहाणी गं माझी," म्हणायच्या. कौतुक कुणाला नको असतं?

मग त्यांच्या वाढदिवसाला मुलानं तेल आणलं. मुलगा प्रेमळ, पण उत्साह जरा जास्तच. दुकानातलं सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं, हा त्याचा सरळ न्याय. नव्या गाड्यांसाठी असतं तसलं पाण्यासारखं पातळ तेल होतं ते. बाह्या सरसावून त्यानं स्वतः ते भरलं, वर चार डबे कपाटात ठेवले. "आई, आता बघ गाडी कशी पळते!"

पळाली, पण निळसर धूर सोडत. सिग्नलला थांबलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. मी तर दर रविवारी जवळजवळ कोरडीच बाहेर यायचे. सिस्टरांना पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं. पण बोलतील तर शपथ! गुपचूप कपाटातला डबा ओतायच्या आणि मुलाचा फोन आला की सांगायच्या, "मस्त चाललीय रे." मला असा राग यायचा त्यांचा!

एक दिवस मुलानं तो धूर पाहिला. इंजिन संपलं, असं त्यानं ठरवूनच टाकलं आणि भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. सिस्टरांचा चेहरा एवढासा झाला, तरी "बरं" म्हणाल्या.

गाडीची बरी चाकं काढून घ्यायला नेहमीचा मेकॅनिक आला. बोनेट उघडलं की मला ओढायची त्याची सवयच. माझ्या टोकाचं तेल त्यानं दोन बोटांत चोळलं.

"सिस्टर, हे पाणी कुणी ओतलं?"

"मी," मुलगा म्हणाला. "सगळ्यात भारी आहे ते."

"भारी आहे हो, पण नव्या गाडीला. इथे आतले भाग झिजलेत, फटी वाढल्यात. पातळ तेल त्यातून निसटतं आणि जळतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं दाट तेल घाला. इंजिन अजून ठणठणीत आहे."

मुलगा आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"अरे, तू किती हौसेनं आणलं होतंस."

"म्हणून गाडी भंगारात जाऊ दिली असतीस?"

"सांगणारच होते."

"कधी? उद्या जाणार होती ती!"

मुलगा मटकन पायरीवर बसला. समोर आईचे पाय होते, पायांत त्यानंच आणलेले महागातले बूट.

"आणि हे?"

"चावतात," सिस्टर म्हणाल्या. "पण रंग छान आहे."

मेकॅनिकनं हसू लपवायला बोनेटमध्ये डोकं घातलं. मुलगाही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. खाली वाकून तो आईच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. मला त्या क्षणी दोघांचीही फार माया आली.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. आता माझ्या अंगावर पुन्हा दाट तेल आहे. धूर थोडा येतो अजून, वय झालंय. माझ्या खुणाही पुसट झाल्यात, तेव्हा एवढंच मागते: जुन्या गाडीला काही पाजण्याआधी तिचं पुस्तक उघडा, मला बाहेर काढून बघा. मी एका फटक्यात खरं सांगेन. आईला मात्र दोनदा विचारा. पहिल्यांदा ती 'मस्त आहे' असंच म्हणेल.