खिळा न ठोकलेली खोली

मी पत्र्याची खोली बोलतेय. मुलुंडमधल्या एका कौलारू घराच्या पाठीला मला मागाहून चिकटवलं होतं. आता खोली म्हणायचं ते केवळ सवयीने. विहिरीजवळ पत्र्यांचा ढीग दिसतोय ना, तीच मी.

पन्नास साली माझा जन्म झाला. घरमालक श्यामकांतांची बहीण रुक्मिणी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा त्यांनी मागच्या अंगणात तिच्यासाठी मला उभं केलं. गुणाजी मिस्त्रीने खोक्यांच्या फळ्यांचं दार केलं, तेही जरा तिरकंच. माझं रूप यथातथाच होतं, पण मी सगळी तिची होते.

तिला मात्र तसं कधी वाटलं नाही. श्यामकांतांच्या मुलाचा, नंदकिशोरचा अभ्यास तिने माझ्यातच बसून घेतला. उन्हाळ्यात मी तापले की ती माझ्या डोक्यावर ओली गोणपाटं टाकायची. पण भिंतीला एक खिळा म्हणून तिने ठोकला नाही. लुगडी दोरीवर, नवऱ्याचा फोटो ट्रंकेवर भिंतीला टेकवून. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "भावाचं घर आहे गं. पत्र्यांना भोकं कशाला पाडायची?" मला फार वाईट वाटायचं. पाड की बाई, असं मी मनात म्हणायचे.

पुढे श्यामकांत गेले. नंदकिशोरला ट्रॉम्बेला चांगली नोकरी लागली आणि त्याने घर नीट करायला काढलं. एका संध्याकाळी ओट्यावर तो गुणाजीला म्हणाला, "मागचं ते सगळं पाडायचं." रुक्मिणीआत्या आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, पण तिने काही विचारलं नाही, आणि तिला कुणी काही सांगितलंही नाही.

पाडायच्या दिवशी सकाळी तिने फोटो लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि ट्रंकेला दोरी बांधली. नंदकिशोरची बायको नीला चहा घेऊन आली, ती दारातच थबकली.

"आत्या, ट्रंक कुठे निघाली?"

"दहिसरला, नणंदेकडे. तुमचं घर होऊ दे छान."

नंदकिशोर धावत आला. "अगं, ही पाडून तुझीच पक्की खोली बांधतोय ना. खिडकीपण डोंगराकडे काढलीय."

"मला काय माहीत?"

"त्यात काय सांगायचं, आत्या?"

"सांगायचं असतं रे," ती म्हणाली आणि ट्रंकेवर बसून रडली. नंदकिशोर दोरी सोडू लागला.

पाडायचं की राहू द्यायचं ते न कळून गुणाजी पहार हातात घेऊन खोळंबला होता. "मगे, पाडूचा काय रवांदे?"

आत्या डोळे पुसत हसली. "पाड रे बाबा."

त्या दिवशी मी मोडले, पण मला दुखलं नाही.

नवी खोली झाली तेव्हा नंदकिशोरने माझ्या जुन्या दारातला एक खिळा उपटून सरळ केला आणि हातोडीसकट आत्याच्या हातात दिला. "कुठे हवा, तिथे ठोक." ती बराच वेळ त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिने ठोकला. थोडा गिलावा पडला, ती बावरली. "पडू दे हो, आत्या," नीला म्हणाली. फोटो टांगला तो माझ्या दारासारखाच तिरका.

उद्या भंगारवाला माझे पत्रे नेईल. जाता जाता एवढंच म्हणते, तुमच्या घरात कुणी खिळा न ठोकता राहत असेल, तर त्याला सांगा, हे घर तुझंही आहे. सांगायचं असतं.

माझी काळजी नको. मी त्या भिंतीत आहे, फोटोच्या मागे.